दोरी शोधू नका, गाडी शोधा

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर घासता घासता ऐका, माझं काही म्हणणं नाही. पण जवळ कुणी जाणती पोरगी असेल तर तिलाही बसवून घ्या, कारण आज सांगणार आहे ते घरात एकीलाच माहीत असून भागत नाही.

मी काही डॉक्टर नाही, नर्सही नाही. बचत गटातली बाई आहे. गटाचं शेव-चिवड्याचं काम आहे, घरी दोन म्हशी आणि थोडी शेती आहे. प्रथमोपचार शिकले ते हौसेनं नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती, म्हणून शिकले. तीच आधी सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडं शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मोटर चालू करायला गेले आणि बांधावरच्या गवतात त्यांच्या पायाला साप चावला. ओरडत घरी आले. पळत आले, हेही चुकीचंच होतं, पण तेव्हा कुणाला माहीत? आत्याबाई म्हणाल्या, "अगं बघत काय बसलीस, बांध काहीतरी!" मी म्हशीचं नायलॉनचं दावं सोडलं आणि गुडघ्याखाली करकचून आवळलं. एवढं आवळलं की माझ्याच तळहाताला वळ उठले. मला वाटलं, मी जीव वाचवला.

मग त्यांना देवळात नेलं. कडुनिंबाचा पाला चारला, कडू लागतोय का विचारलं, पाणी मारलं. त्यात अडीच तास गेले. तोवर पाय काळानिळा पडून मांडीएवढा सुजला होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "दोरी कुणी बांधली?" मी पुढं झाले. अजून आठवलं की पोटात कालवतं.

भाऊजी वाचले. पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी नंतर नीट समजावून सांगितलं. ती घोणस होती. घोणशीचं विष जिथं शिरतं तिथलं मांस खराब करतं. वर दोरी आवळली की विष तिथंच कोंडून राहतं आणि पायाला ताजं रक्त पोचत नाही, म्हणजे दुहेरी नुकसान. आणि एवढं करूनही विष वर जायचं थांबत नाहीच. भाऊजींनी मला आजवर एका शब्दानं बोल लावला नाही. पण चप्पल घालताना त्यांचा पाय दिसतोच ना.

तर सापापासूनच सुरुवात करते. आपल्याकडं जीवघेणे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी धामण, दिवड, कवड्या, तस्कर यांना माणूस मारण्याइतकं विष नाही. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. देवळातल्या पाल्यानं "बरी झालेली" माणसं असतात ना, ती यातलीच. त्यांना विष चढलंच नव्हतं. खरं विष चढलेला माणूस पाल्यानं वाचत नाही, त्याचा फक्त वेळ जातो. मी देवाला मानते, दर सोमवारी जाते. पण आधी दवाखाना, मग देऊळ.

देशभरातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक सगळी खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. म्हणजे खुरपणीच्या, भांगलणीच्या दिवसांत. हे आपलंच दुखणं आहे, शहरवाल्यांचं नाही.

आता करायचं काय? माणसाला आहे तिथं खाली बसवा किंवा झोपवा. धीर द्या. चालवू नका, पळवू नका; हातपाय हलले की विष लवकर पसरतं. चावलेल्या हातापायातल्या बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, करदोडा, काळा दोरा, जे काही घट्ट आहे ते आधी काढा. सूज आली की मग निघत नाही आणि तेच दोरीसारखं रुततं. जोडवी काढायला आपल्याकडं बायका का-कू करतात, अपशकुन म्हणतात. नवऱ्याच्या आयुष्यासाठी घातलेली जोडवी बाईचंच बोट खाणार असतील तर काय उपयोग? काढा आणि पिशवीत जपून ठेवा. पायाखाली फळी किंवा काठी ठेवून, हलणार नाही इतपतच, सैलसर फडक्यानं आधार द्या. किती वाजता चावला ते लिहा. सूज कुठवर आली तिथं पेनानं रेघ मारून वेळ टाका, डॉक्टरांना फार उपयोग होतो.

ब्लेडनं चिरू नका, तोंडानं ओढू नका, बर्फ लावू नका, दारू-चहा पाजू नका. साप मारायला थांबू नका. त्या नादात दुसऱ्याला चावलेला मी ऐकला आहे. साप ओळखला नाही तरी अडत नाही, कारण आपल्याकडची लस या चारही सापांवर एकच आहे. घोड्यांना अगदी थोडं थोडं विष टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो आणि त्यातून ही लस करतात. मुंबईची हाफकिन संस्था हे काम वर्षानुवर्षं करते आहे. लस शिरेतून द्यावी लागते आणि कुणाला तिचीच रिअ‍ॅक्शन येते, म्हणून ती दवाखान्यातच घ्यायची. घरात आणून ठेवायची वस्तू नव्हे.

आणि तुम्ही पोचायच्या आत कुणीतरी दोरी बांधलीच असेल तर? वाटेत एकदम सोडू नका. कोंडलेलं विष एकदम अंगात जातं. दवाखान्यात डॉक्टर सगळी तयारी ठेवून सोडतात.

एक साप मात्र वेगळा सांगायला हवा, मण्यार. काळा, अंगावर पांढरे पट्टे. हा रात्री घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की दुखत नाही, खूणही दिसत नाही. गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या अकरा वर्षांच्या पोरीला पहाटे चार वाजता पोटात दुखायला लागलं. आईनं ओवा दिला. तर पोर म्हणाली, "मला गिळता येईना." आई मला हाक मारायला आली. मी जाऊन बघते तर पोरीच्या पापण्या खाली आलेल्या. आई म्हणाली, "झोप आलीय तिला." मी म्हटलं, "वर बघ गं बाळा," तर तिनं पापणी उचलायला मान मागं टाकली. झोपेतलं माणूस असं करत नाही. शिकताना आम्हाला हेच सांगितलं होतं. पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, गिळता न येणं, मग श्वास. सगळे खूण शोधायला लागले, अंथरूण झटकायला लागले. मी म्हटलं खूण राहू दे, गाडी काढा.

१०८ ला फोन केला. गाडी यायला चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. आम्ही वाट बघत बसलो नाही. गावातली जीप काढली आणि त्यांना सांगितलं की आम्ही याच रस्त्यानं पुढं येतोय, तुम्ही समोरून या. पोरीला डाव्या कुशीवर झोपवलं, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासात जात नाही. अर्ध्या वाटेत अ‍ॅम्ब्युलन्स भेटली. त्यातल्या डॉक्टरांनी फुगा लावून हातानं श्वास देत नेलं. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवस मशीनवर होती. आता सहावीत आहे. परवा माझ्याकडं शेव मागायला आली होती.

त्या दिवसापासून आमच्या आळीत लहान पोरं खाली झोपत नाहीत. ज्यांच्याकडं खाट नाही त्यांनी मच्छरदाणी घेतली आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचायला शिकले. डासांचंही काम झालं.

विंचवाचं थोडक्यात सांगते. काळ्या विंचवापेक्षा लहान लाल विंचू वाईट. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात राहून दाखवून दिलं की लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन नावाची साधी रक्तदाबाची गोळी वेळेत दिली तर माणसं वाचतात. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पण गोळी डॉक्टरांनीच द्यायची. आपण ओळखायचं एवढंच की नुसती आग होते आहे, की दरदरून घाम सुटलाय, हातपाय गार पडलेत आणि उलट्या होताहेत. दुसरं दिसलं, लहान मूल असलं, तर थांबायचं नाही.

आता आपल्या कामाच्या जागेकडं येते. १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं की दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या ताब्यात हवी. कारखान्यातल्या कामगाराला ही सोय. आणि आमच्या शेडमध्ये रोज वीस लिटर तेल उकळतं, तिथं आम्ही नऊ जणी, पेटीत काय होतं? हळदीचा डबा आणि अर्धी संपलेली टूथपेस्ट.

भाजल्यावर टूथपेस्ट लावायची ही खोड कुणी काढली देव जाणे. दिवाळीच्या ऑर्डरीच्या दिवसांत आमच्यातल्या एकीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तेल सांडलं. वयानं मोठ्या काकू लगेच पेस्ट घेऊन धावल्या. आम्ही दोघींनी त्यांना अडवलं आणि हात सरळ नळाखाली धरला. वीस मिनिटं. मैत्रिणींनो, वीस मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण घड्याळ लावून धरा. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, बास झालं, आता बरं वाटतंय. काकू म्हणाल्या, पाण्यानं फोड येतील. मी घड्याळाकडं बघत राहिले. कातडी वरून गार लागली तरी आत तेलाची धग चालूच असते, ती विझायला एवढा वेळ लागतो. नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्यानं ओतत राहा. साधं पाणी, बर्फ नाही. बांगड्या आधीच उतरवायच्या. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, कडेनं कापायचं. फोड फोडायचे नाहीत. मग धुतलेलं स्वच्छ सुती फडकं सैल गुंडाळून दवाखाना. हळद, शाई, बटाटा, तूप यातलं काही लावलं की डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं आणि त्या वेळच्या किंकाळ्या मी ऐकल्या आहेत. लहान मुलाचं थोडं भाजलं तरी दाखवायचंच, तोंड, हात किंवा अवघड जागा भाजली तरी दाखवायचंच.

तिच्या हातावर आता नीट बघितलं तर एक फिका डाग दिसतो. काकू अजून म्हणतात की पेस्ट लावली असती तर तोही राहिला नसता. असो.

पदराचं बोलते. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, मिरची कांडप, यांच्यापाशी पदर आणि ओढणी मोकळी सोडू नका, वेणी अंबाड्यात घाला. कडबाकुट्टीत बोटं गेलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत, मोजा हवं तर. तसं झालं तर आधी मशीन बंद. मग जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहातानं जोरात दाबा आणि हात वर धरा. दाबल्यावर दर मिनिटाला उचलून बघायचा मोह होतो. तो टाळा, दहा मिनिटं दाबूनच ठेवा. कापड भिजलं तर काढू नका, त्यावर दुसरं ठेवा. चुना, चहापूड, माती, तंबाखू काही भरू नका. तुटलेलं बोट असेल तर ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर टाकलं तर ते खराब होतं आणि जोडता येत नाही.

इथं तुम्ही मला पकडाल. सापाला दोरी नको म्हणालीस, मग हात कापून रक्ताची चिळकांडी उडत असेल तर? तिथं गोष्ट वेगळी. पूर्ण जोर लावून दाबूनही रक्त थांबत नाही, जीव जाईल असं दिसतंय, तेव्हा जखमेच्या वर रुंद पट्टी आवळायची, बारीक दोरी किंवा तार नाही, आणि बांधल्याची वेळ कपाळावर नाहीतर कागदावर लिहायची. ते शेवटचं हत्यार. सापाच्या दंशात चावलेल्या जागेतून रक्त वाहून माणूस मरत नसतो, म्हणून तिथं दोरीचं कामच नाही.

विजेचा झटका बसला तर माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच किंवा स्टार्टर बंद करा. आईनं लेकराला ओढायला जाऊन दोघंही गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. बाहेरची तार तुटून पडली असेल तर काठीनंही हलवायला जाऊ नका, लांब राहून महावितरणला १९१२ वर कळवा. पाण्यात पडलेल्याला वाचवायला पोहता येत नसताना उडी टाकायची नाही. दोर टाका, साडी टाका, रिकामा घट्ट झाकणाचा कॅन टाका. विहिरीच्या गाळात उतरलेला माणूस बोलायचा थांबला तर दुसऱ्यानं मागोमाग उतरायचं नाही, खाली विषारी हवा असू शकते.

फवारणीचं विसरू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. औषध अंगावर सांडलं तर कपडे ताबडतोब उतरवा, साबणानं भरपूर पाण्यानं धुवा. बाईमाणूस चारचौघांत कपडे कसे काढणार? म्हणून शेतात एक जुनी साडी जास्तीची ठेवा, आडोसा करता येतो. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. औषधाची बाटली किंवा पुडा सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरून उपचार ठरवता येतो.

फेपरं आलं तर कांदा नको, चप्पल नको, दातात चमचा तर अजिबात नको. आजूबाजूची वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांवर चाललं तर १०८.

आणि माणूस पडला, हाक मारली तर ओ देत नाही, श्वासही नीट चालत नाही, तर छाती दाबायची. छातीच्या मधोमध, तळहाताच्या टाचेनं, कोपर न वाकवता. दोन इंच खाली गेलं पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. आम्हाला तालुक्याच्या रुग्णालयात रबरी बाहुल्यावर शिकवलं. मी म्हटलं यात काय अवघड, जन्मभर कणीक मळली. दोन मिनिटांत घाम फुटला. म्हणून आळीपाळीनं करायचं, एक दमली की दुसरी. बरगडी मोडेल ही भीती सगळ्यांना वाटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोडलेली बरगडी जुळते. छाती दाबणं रेडिओवर ऐकून येत नाही, ते हातानंच शिकावं लागतं. घशात शेंगदाणा अडकलेल्या लेकराच्या पाठीवर थाप कशी मारायची, तेही.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करायला लोक भितात, पोलिसांचं लचांड नको म्हणून. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घातलंय. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि तुम्ही नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्तीही करता येत नाही. उचला आणि न्या. मात्र मान किंवा कंबर मोडल्याची शंका असेल तर चौघी-पाचजणींनी एकसारखं, फळीवर, मान न हलवता.

आम्ही गटाच्या पैशातून पेटी केली. त्यात निर्जंतुक गॉज, रोलर पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, साबण, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, पेन आणि वही आहे. शेडच्या भिंतीवर रंगानं फोन नंबर लिहून घेतले. १०८, गावातल्या तीन गाड्यांच्या मालकांचे आणि ज्या दवाखान्यात सापाची लस असते त्याचा. दर महिन्याच्या बैठकीला एक जण तिथं फोन करून लस शिल्लक आहे का विचारते. पहिल्यांदा फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "कुणाला चावलाय का?" मी म्हटलं, नाही, चावायच्या आधी विचारतेय. आता ते आवाज ओळखतात. जीपवाले दादा आधी म्हणाले, रात्री दोन वाजता मी कशाला उठू? ती शेजारची पोर परत आल्यावर त्यांनी स्वतःहून दुसरा नंबर दिला, बायकोचा, कारण त्यांचा फोन रात्री चार्जिंगला असतो.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या शेडमध्ये छाती दाबायचा आणि भाजल्या-कापल्याचा सराव आहे. भाऊजी साप चावलेला माणूस व्हायला तयार झालेत. कुठल्याही गटाच्या बायकांनी यावं. नवी साडी नेसून येऊ नका, जमिनीवर गुडघे टेकून काम करायचं आहे.